सहाव्या प्लगवरचं तेल

प्लगवर तेल सापडलं ते मला, ह्यांना नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या सगळ्या गोतावळ्यात ही गोष्ट ह्यांच्या हुशारीची म्हणून फिरली आणि मी मेली नुसती मान डोलवत राहिले. आता रागवायला हे नाहीत, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही.

आमची गाडी म्हणजे ट्रक. लढाई संपल्यावर लष्कराने आपल्या जुन्या गाड्या विकायला काढल्या होत्या, त्यातलाच एक. पेट्रोलवर चालणारा, सहा सिलिंडरचा, आणि मूळचा हिरवा रंग इतका उडालेला की मळकट म्हणावं की हिरवा म्हणावं, प्रश्नच पडे. हे त्यावर रेती, विटा, कौलं वाहत. कधी ठाण्याला कोपरीपर्यंत, कधी मोहन्याच्या कारखान्याकडे, कधी खडवलीहून पेंढा आणायला. आम्ही कल्याणला दोन खोल्यांत राहायचो. मागच्या बाजूला घरमालकांचं लांबट, अरुंद अंगण होतं आणि त्यांच्या मेहेरबानीने ट्रक तिथे उभा राहायचा.

दर रविवारी गाडीची सेवा असे. हे खाली आडवे पडून ग्रीस भरायचे, स्प्रिंगांचे पाटे बघायचे, आणि वर येऊन सहाही प्लग काढून माझ्यापुढे सुपात ओळीने मांडायचे. प्लग साफ करायचं काम माझ्याकडे कसं आलं म्हणाल, तर ह्यांचे हात ग्रीसने बरबटलेले आणि माझे मोकळे, एवढंच. मी अंबाडा आवळून पाटावर बसे. तारेच्या ब्रशाने काजळी खरवडायची, रॉकेलमध्ये बुडवायचा, पुसायचा. प्लग चांगला असला की टोकाशी भाजलेल्या रव्याचा रंग दिसतो. कोरडा, तांबूस. ते मी पहिल्याच महिन्यात शिकले, आणि शिकल्यावर ह्यांच्यापेक्षा मला जास्त कळायला लागलं.

तर त्या रविवारी पाच प्लग रव्याच्या रंगाचे निघाले आणि सहावा, म्हणजे अगदी मागच्या सिलिंडरचा, काळाकुट्ट आणि ओला. बोट लावलं तर तेल.

"अहो," मी म्हटलं, "हा भिजलाय."

"पेट्रोल असेल. सकाळी हँडल फार मारावं लागलं."

"पेट्रोल मला कळत नाही होय? वास घ्या. तेल आहे."

ह्यांनी वास घेतला आणि चेहराच उतरला. प्लगवर तेल म्हणजे इंजिन खालचं तेल वर खेचतंय, आणि इंजिन तेल खायला लागलं की त्याचे दिवस भरले, असं सगळे ड्रायव्हर म्हणत. आणि आमचे तर दिवस मोजलेलेच होते.

ते कसे, ते सांगते. ट्रक दोघा भावांच्या नावावर होता. थोरले भावजी गावी, मुरबाडच्या पुढे, शेती बघत. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "चैत्रात गुढीपाडव्याला मी परत येतो. तोवर गाडी धड चालत असली तर ठेवू. नाहीतर विकायची आणि तुम्ही सगळे गावी यायचं. शेतावर माणूस नाही." उंटावरून शेळ्या हाकायला भावजींचं काय जातंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गावच्या घरात चुलत धरून तीन जावा, एक चूल, आणि मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं हे ठरवायचासुद्धा मला अधिकार नाही. कल्याणच्या त्या दोन खोल्या धुराने काळ्या झालेल्या होत्या, पण माझ्या होत्या. त्या सोडायच्या म्हटलं की मला रात्री झोप लागत नसे. गाडी राहिली तर आम्ही राहू, गाडी गेली तर गेलो.

आमच्याबरोबर मामंजी होते, माझे सासरे. जन्मभर त्यांनी गावच्या देवळाची पूजा केली. सासूबाई गेल्या, गुडघे धरले, तेव्हा पूजा पुतण्याकडे गेली आणि हे त्यांना कल्याणला घेऊन आले. पण इतकी वर्षं पहाटे उठून देवाला आंघोळ घालणारा माणूस, तो शहरात येऊन काय करणार? पहाटे उठायचे, आंघोळ करायचे, आणि मग खिडकीशी बसून राहायचे. मला स्वयंपाकघरात वावरायचीही चोरी वाटे.

तेव्हा ह्यांनीच त्यांना ट्रकचं तेल बघायला शिकवलं. इंजिनात एक लांब सळई खोचलेली असते. ती काढायची, पुसायची, पुन्हा खुपसायची आणि तेल खुणेपर्यंत आहे का बघायचं. कमी असेल तर डब्यातून घालायचं. झालं! दुसऱ्या दिवसापासून मामंजी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, चहासुद्धा न घेता अंगणात. पुसायला जुन्या धोतराचा फडका, रोज धुतलेला. तेल इतक्या बारीक धारेने सोडायचे, जणू पिंडीवर अभिषेक चाललाय. वर बॉनेटवर एक जास्वंद. मी हसायची, पण मनातून बरं वाटायचं. माणूस उभा राहिला होता पुन्हा.

गाडी आणली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. ह्यांनी ट्रक सरळ आत घातला होता. मामंजी म्हणाले, "तोंड दक्षिणेला? यमाच्या दिशेला? फिरव आधी." अंगण एवढं चिंचोळं की तोंड एक तर दक्षिणेला नाहीतर उत्तरेला, तिसरी सोय नाही. ह्यांनी कुरकुर करत उलटा घातला. उत्तरेला चढ होता, म्हणून मागच्या चाकांना दोन दगड लावायला लागत. तेवढा त्रास वडिलांसाठी कोण करणार नाही? पुढे ते अंगवळणी पडलं आणि कुणाच्या डोक्यातही राहिलं नाही.

आता त्या तेलकट प्लगचं. मी तो शेगडीवर भाजून कोरडा केला, पुन्हा बसवला. पुढच्या रविवारी सहावा तर ओला होताच, पाचवाही ओलसर. ट्रक मागे निळा धूर सोडायला लागला. कल्याणच्या बाजारातून गेला की लोक नाकाला धोतराचा सोगा लावत आणि मला वाटे, सगळा गाव आमच्याकडे बघून हसतोय.

मिस्त्रीकडे नेला. तो ऐकून म्हणाला, "रिंगा गेल्या." पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तेल वर चढतं, हे मलाही माहीत होतं. इंजिन उघडलं, नव्या रिंगा घातल्या, ताजं तेल भरलं. तितके दिवस हे घरात बसून, आणि घरात बसलेला पुरुष म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. ट्रक घरी आला. दुसऱ्या दिवशी पहाटे मामंजी सळई हातात घेऊन दारात उभे.

"मुली, हा मिस्त्री चोर आहे शिंचा. तेल कितीतरी कमी घातलंय."

"खरंच?"

"ही बघ खूण, आणि हे बघ तेल. बोटभर खाली."

मी बघितलं. खरंच खाली होतं. हे मिस्त्रीकडे तावातावाने गेले, तर तो आईची शपथ घेऊन म्हणाला, "मापाने भरलंय." आता कुणावर विश्वास ठेवायचा? वडिलांनी बघितलेलं मुलाने परत बघायचं म्हणजे वडिलांवर अविश्वास, तेव्हा एकदा शिकवल्यानंतर ह्यांनी सळईला कधी हातच लावला नव्हता. मामंजींनी तेल भरलं. आणि रविवारी प्लग काढले तर सहावा ओला! नव्या रिंगा, नवं तेल, आणि सहावा पुन्हा ओला!

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं होतं हे. पण रोग कुठे, ते कुणालाच कळेना. मिस्त्रीने डोकं खाजवलं आणि व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. ह्यांना तेल भेसळीचं वाटायला लागलं, म्हणून दुकान बदललं. मामंजी म्हणाले, लढाईतली गाडी, कुणी मेलंबिलं असेल हिच्यात, एकदा शांत करून घेऊ. एका रविवारी मला वाटलं, मीच प्लग लावताना क्रम चुकवते की काय, म्हणून पाचवा सहाव्याच्या जागी लावून पाहिला. पुढच्या रविवारी तो ओला. म्हणजे प्लगचा दोष नाही. मग कशाचा? पोळ्या लाटताना माझ्या डोळ्यांपुढे सहावा प्लग. देवापुढे हात जोडले तरी सहावा प्लग. ह्यांना म्हटलं, "मला वेड लागणार," तर म्हणतात, "माझ्या आधी नको लागू देऊस."

आणि तेल रोज कमी व्हायचं. मामंजी रोज भरायचे, गाडी रोज जाळायची. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! फक्त आंधळं कोण आणि कुत्रं कोण, तेवढं समजत नव्हतं.

पौष संपला. पाडवा जवळ आला. एकदा हे म्हणाले, "गावी गेलो तर तुला फार जड जाईल का गं?" मी परातीतलं पीठ इतक्या जोरात तिंबलं की उत्तर द्यायची गरज राहिली नाही.

माघात घरमालकांच्या मुलीचं लग्न निघालं. अंगणात मांडव पडणार, म्हणून ट्रक रस्त्यापलीकडच्या सपाट मैदानात न्यावा लागला. मामंजींनी तिथेही तोंड उत्तरेलाच करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तेलाचा डबा घेऊन गेले आणि जवळजवळ धावत परत आले. गुडघे धरलेला माणूस!

"मुली, गाडीत तेल वाढलंय!"

"वाढलंय? कमी झालंय म्हणायचंय का तुम्हाला?"

"वाढलंय म्हणतो मी! खुणेच्या वर चांगलं बोटभर. रात्रीत कुणीतरी ओतलंय."

मी पदर खोचून गेले. सळई काढली. खरंच, खुणेच्या कितीतरी वर. आता काय म्हणावं? रोज तेल पिणारी गाडी एका रात्रीत तेल व्याली? आम्ही दोघांनी बोटांवर चोळून बघितलं, वास घेतला. पाणी नाही, रॉकेल नाही, आमचंच तेल. हे आले, त्यांनीही बघितलं, आणि डोक्याला हात लावून फूटबोर्डावर बसले. "कुणीतरी आपल्या वाईटावर आहे," मामंजी म्हणाले. पण वाईटावर असलेला माणूस आपलं तेल चोरेल, फुकट घालेल कशाला?

मांडव होता तितके दिवस मामंजींना तेल घालावं लागलं नाही. उलट सळईवर तेल रोज थोडं थोडं उतरत गेलं आणि एके दिवशी बरोबर खुणेवर येऊन थांबलं. निळा धूर विरळ झाला. रविवारी मी सहावा प्लग हातात घेतला आणि ओरडलेच, "अहो! रवा!" कोरडा, तांबूस, माझ्या हातात. मामंजी म्हणाले, हा लग्नमांडवाचा गुण. हे म्हणाले, रिंगा आता बसल्या असतील. मला दोन्ही पटलं नाही आणि दोन्ही पटवून घ्यायची फार इच्छा होती.

लग्न झालं, मांडव उतरला, ट्रक अंगणात परत आला. मागच्या चाकांना दगड लागले. मी सकाळी बाहेरच्या नळाशी भांडी घासत बसले होते. शेजारी मामंजींनी सळई ओढली आणि त्यांचा आवाज आला, "झालं! पुन्हा खाली! प्यायली बघ एका रात्रीत." त्यांनी डबा उचलला.

माझ्यासमोर पातेलं होतं, थोडं पाणी घालून ठेवलेलं, चढावर. रोजच ठेवत असे. पाणी उताराच्या बाजूला साचलेलं आणि चढाच्या बाजूला अर्धा तळ कोरडा. मी बघत राहिले. सळई कुठे खोचलेली आहे? पुढे. ट्रकचं तोंड कुठे? चढाला.

"थांबा!" मी ओरडले. सासऱ्यांवर मी जन्मात आवाज चढवला नव्हता. "एक थेंब घालाल तर खबरदार!"

ते डबा तसाच धरून उभे राहिले. हे अर्ध्या दाढीला साबण लावलेले बाहेर आले. मी पातेल्याकडे बोट दाखवून भडाभडा बोलत सुटले. तेल कमी नाहीच, मागे गेलंय, सळईला लागत नाही, म्हणून रोज वर घालतो आपण, आणि जास्तीचं ते मागच्या सिलिंडरात चढतं आणि प्लग भिजवतं! मग ते जळतं, मग आपण आणखी घालतो! गाडी काही पीत नाही हो, आपण पाजतोय!

हे तसेच गाडीत चढले, ट्रक मैदानात नेला, जरा थांबून सळई काढली. खुणेवर. बरोबर खुणेवर. अंगणात आणला, बोटभर खाली. पुन्हा नेला, खुणेवर. तिसऱ्यांदा नेल्यावर तिकडूनच त्यांनी मला हात केला आणि हसायला लागले. मीही हसले. इतके महिने डोक्यावर बसलेलं भूत म्हणजे एक उतार! कपाळ माझं!

मामंजी हसत नव्हते. ते पायरीवर बसले होते, फडका मांडीवर. मी चहा आणून दिला तेव्हा त्यांनी विचारलं, अगदी सरळ, भाजीचा भाव विचारावा तसं, "मग आता सकाळी मी काय करू?"

हे म्हणाले, "काही करायला नको बाबा. आठवड्यातून एकदा मी मैदानात बघून घेत जाईन." मी ह्यांच्याकडे डोळे वटारले, पण गेलेला शब्द गेला.

"तुम्हीच बघा की मामंजी," मी म्हटलं. "फक्त घालायचं नाही. मैदानात न्यायचा, बघायचं आणि परत आणायचा."

"तो नेणार, तो आणणार. मग बघायला मी कशाला?" असं म्हणून त्यांनी चहा संपवला. चार दिवस बॉनेटवर जास्वंद दिसली. मग तीही दिसेनाशी झाली आणि ते पुन्हा खिडकीशी बसायला लागले.

पाडव्याला थोरले भावजी आले. ह्यांच्याबरोबर मोहन्यापर्यंत जाऊन आले, मागे वाकून धूर दिसतो का बघितला. दिसला नाही. रात्री पानावर बसून म्हणाले, "ठीक आहे. चालू द्या तुमचं." मी श्रीखंडाचं भांडं तिथेच टेकवलं. स्वयंपाकघरात जाऊन मी भिंतीला हात लावला. माझी भिंत!

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींची वळकटी बांधून दाराशी. "मी जातो थोरल्याबरोबर," ते म्हणाले. भावजी म्हणाले, राहा की, इथे बरं आहे तुमचं. हे म्हणाले, बाबा, काय झालं? ते म्हणाले, काही नाही, गाव आठवतंय. पण गावी पूजा पुतण्याची होती आणि तो त्यांना गाभाऱ्यात पाऊल टाकू देत नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ह्यांनी आम्हा सगळ्यांना ट्रकमधून एसटीच्या थांब्यावर नेलं. मुरबाडची गाडी लागली होती. मी पाया पडले आणि विचारलं, "मामंजी, रागावलात का माझ्यावर? मी ओरडले त्या दिवशी?"

"छे गं मुली," ते म्हणाले. "राग कसला? तू बरोबर होतीस. गाडी वाचली ना तुमची." आणि वर चढले. 'तुमची' म्हणाले. आजवर ते 'आपली' म्हणत आले होते.

एसटी गेली. मी पदर तोंडाला लावून उभी. हे बावरले. "अगं, रडतेस काय? गाडी राहिली, खोल्या राहिल्या, तुला गावी जायचं नव्हतं, ते टळलं. मग?"

खरंच की. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. "मग काय झालं?" हे विचारत राहिले, घर येईपर्यंत विचारत राहिले.